अलास्काच्या जहाजावर थंडी वाजेल म्हणून तिकीट रद्द करू का?

"ताई, नमस्कार. मी ६१ वर्षांची, मनीषनगरला राहते. मुलगा-सून सिएटलला असतात. येत्या जूनमध्ये ते आम्हा दोघांना सात दिवसांच्या अलास्का क्रूझवर नेणार आहेत. तिकिटं काढून झाली. माझी अडचण थंडीची आहे. एप्रिल लागला तरी पहाटे मला पंखा सहन होत नाही. मॉलमध्ये शिरलं की पर्समधून शाल निघते. थायरॉइडची गोळी बऱ्याच वर्षांपासून सुरू आहे. हे म्हणतात, 'तू तर नागपुरातच कुडकुडून राहिली, तिथं जाऊन काय करशील? खोलीतच बसून राहशील.' मुलगा म्हणतो, 'आई, जहाज आतून गरम असतं, उगाच टेन्शन घेऊ नको.' मला तो बर्फ पाहायचा आहे हो. पण सात दिवस सगळ्यांच्या आनंदावर विरजण घालायचं नाही. तिकीट रद्द करायला सांगू का?"

ताई, नमस्कार.

तिकीट रद्द करू नका. जूनमधलं अलास्का तुम्हाला झेपेल, आणि चांगलं झेपेल. मात्र मुलाचं 'टेन्शन घेऊ नको' हेही जसंच्या तसं घेऊ नका, कारण तुमची काळजी उगाच नाही. थंडी सोसायची ताकद प्रत्येकाची वेगळी असते. वय वाढलं की स्नायू कमी होतात, कातडीखालची चरबी पातळ होते आणि शरीरात उष्णताच कमी तयार होते. त्यात थायरॉइड मंद असेल तर विचारायलाच नको. हे नाटक नाही की नाजूकपणाही नाही. घरात एखाद्याला मधुमेह असला की त्याचा चहा वेगळा, बिनसाखरेचा होतो. त्यानं कोणाच्या आनंदावर विरजण पडत नाही. तुमच्या उबेची सोयही तशीच करायची, आधीपासून आणि सगळ्यांना सांगून. दात आवळून, कोणाला न कळू देता सोसायचं ठरवलंत, तर मात्र यजमानांचं म्हणणं खरं ठरेल.

आधी हवेचं बोलू. जूनमध्ये अलास्काच्या राजधानीत, जुनोला, दुपारी साधारण १६-१७ अंश तापमान असतं, रात्री ते ८-९ पर्यंत उतरतं. आपल्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर गेला होता. म्हणजे नुसत्या आकड्यांनी घाबरून जावं असं काही नाही. घाबरायचं ते वाऱ्याला आणि ओलीला. आपली थंडी कोरडी असते. सकाळी गच्चीत ऊन आलं की पाठ शेकून घेतो आणि दुपारी स्वेटर काढून ठेवतो. अलास्काच्या किनाऱ्यावर हवा दमट, आभाळ भरून आलेलं, आणि पाऊस कधीही. त्यात जहाज चालू असतं. १८ ते २० नॉट वेग म्हणजे ताशी पस्तीसेक किलोमीटर. बाहेर पानही हलत नसलं तरी डेकवर तेवढा वारा अंगावर येतोच. १० अंश तापमानात एवढा वारा सुटला की उघड्या चेहऱ्याला ते ६ अंशांसारखं लागतं आणि ५ अंश असतील तर थेट शून्यासारखं. समोरून वारा वाहत असला तर त्याहून जास्त.

म्हणूनच घरचा जाडजूड विणलेला स्वेटर घालूनही माणसं डेकवर कुडकुडतात. विणीच्या भोकांतून वारा आरपार जातो. स्वेटर उबेसाठी उत्तम, पण त्याच्यावर वारा अडवणारं काहीतरी हवंच. तीन थर करायचे: अंगाला लागून थर्मल, त्यावर स्वेटर किंवा फ्लीसचं जॅकेट, आणि सगळ्यात वर टोपी असलेलं, वारा-पाणी अडवणारं पातळ जॅकेट. ऊब थरांच्या मधल्या हवेत असते, त्यामुळे थर एकमेकांवर घट्ट बसता कामा नयेत. आतला थर सुती नको. सुती कपडा घाम आणि ओल धरून ठेवतो आणि मग तोच अंगाला गार लागतो. मेरिनो लोकरीचा मिळाला तर फार छान, टोचत नाही; नाही तर सिंथेटिक थर्मलही चालतं.

ही खरेदी आत्ताच करा. सध्या जानेवारी आहे, तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकानं अजून लागलेली आहेत, सीताबर्डीवर लोकरी माल बाहेर मांडलेला आहे. प्रवास जूनचा म्हणून मे महिन्यात बाहेर पडाल तर ४५ अंशांत तुम्हाला थर्मल कोण दाखवणार? सगळा माल माळ्यावर गेलेला असतो. थर्मलचे दोन-तीन जोड, लोकरी मोजे, कान झाकणारी टोपी, हातमोजे एवढं इथूनच घ्या. वरचं जॅकेट घेताना एक गोष्ट करून पाहा. कापड तोंडाशी धरून जोरात फुंकर मारा आणि पलीकडे तळहात ठेवा. हाताला हवा लागली तर ते जॅकेट दिसायला कितीही फुगीर असो, डेकवर उपयोगाचं नाही. इथे मनासारखं मिळालं नाही तर सुनेला सांगा. सिएटल पावसाचं शहर, तिथे अशी जॅकेटं सहज मिळतात.

तुम्ही साडी नेसता की पंजाबी ड्रेस घालता, ते पत्रात नाही, म्हणून दोन्ही सांगते. साडी नेसत असाल तर परकराच्या आत थर्मलची पँट घाला, कारण साडीत वारा खालून शिरतो. डेकवर आणि बंदरावर उतरताना मात्र पँट किंवा सलवारच बरी. भिजलेला साडीचा काठ पायाला चिकटला की दिवसभर गारठा जात नाही. जहाजावर एक-दोन रात्री नटूनथटून जेवायला जायच्या असतात. त्यासाठी भंडाऱ्याची कोशाची साडी न्या आणि पूर्ण बाह्यांचं ब्लाऊज शिवून घ्या. रेशीम दिसायला पातळ असलं तरी उबदार असतं. आत मोठ्या गळ्याचं थर्मल घातलं तर कोणाला दिसतही नाही. शाल तर हवीच, आणि ती पर्समध्ये नाही, हातात.

पायांकडे विशेष लक्ष द्या. आपल्या बायका अंगठ्याचे मोजे घालून चपलेत पाय सरकवतात. तिथे ते चालणार नाही. बंद, पाणी न शिरणारे बूट हवेत आणि ते अर्धा नंबर मोठे. एकावर एक दोन मोजे चढवून बूट आवळला तर रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. एकच जाड लोकरी मोजा आणि आत बोटं हलतील एवढी जागा, हे पुरेसं आहे.

आता मुलाच्या मुद्द्यावर येते. जहाज आतून गरम असतं, हे त्याचं म्हणणं अर्धंच खरं. आत बर्फाळ थंडी नसते, पण एसी असतो, आणि तुमच्यासारख्यांना खरा त्रास तिथेच होतो. जहाजावरचं थिएटर, जेवणाचा मोठा हॉल, लाउंज या जागा माणसांनी गच्च भरल्या तरी गरम होऊ नयेत, अशा बेतानं थंड ठेवलेल्या असतात. माणसं कमी असली की तिथे हुडहुडी भरते. थिएटरात पूलवरचे टॉवेल पांघरून बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. तुम्ही रोज संध्याकाळी थर्मल आणि शाल यांचा बंदोबस्त करूनच बाहेर पडा. जेवणाच्या हॉलमध्ये बसण्याआधी वर पाहा. छताला जाळी असेल आणि हवा खाली डोक्यावर येत असेल तर वाढप्याला टेबल बदलून मागा. ही अगदी नेहमीची मागणी आहे, त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. बहुतेक जहाजांवर पहिल्या दिवशी ठरलेलं टेबलही बदलून मिळतं, पण ते पहिल्याच रात्री सांगितलेलं बरं.

केबिनमध्ये तापमानाचं बटण असतं. ते फिरवलं की लगेच गरम होईल अशी अपेक्षा धरू नका. केबिनचा एसी मोजक्याच अंशांनी वरखाली होतो आणि परिणाम कळायला तास-दोन तास लागतात. आत पाऊल टाकल्याबरोबर बटण गरमकडे फिरवून ठेवा आणि मग सामान लावायला घ्या. नंतर टिश्यू पेपरची एक पट्टी हातात धरून पलंगाच्या वर कुठे फडफडते ते पाहा. उशाशी हवा येत असेल तर पायांकडे उशी घेऊन झोपता येतं. जाळीत टॉवेल कोंबू नका, त्यानं हवेचं सगळंच बिघडतं. खोली आवरायला येणाऱ्या स्टुअर्डला सांगा, तो दुरुस्तीवाल्याला बोलावून जाळीची दिशा फिरवून देतो. बाल्कनीचं दार उघडं राहिलं तर खोली गार होते आणि पुन्हा तापायला फार वेळ लागतो. यजमानांना फोटो काढायला बाल्कनीत जायचं असेल तर जाऊ दे, पण दार लावून घ्यायचं.

आणि पांघरूण! जहाजावर दोघांत मिळून एकच मोठं, पातळसर पांघरूण असतं. यजमानांना उकडतं आणि तुम्हाला थंडी वाजते, तुमच्या पत्रावरून तरी मला असंच वाटतं. रात्रभर त्या एका पांघरुणाची ओढाताण कशाला? पहिल्याच दिवशी स्टुअर्डकडून दोन वेगळी पांघरुणं आणि वर एक जादा ब्लँकेट मागून घ्या. बहुतेक केबिनमधला डबल बेड म्हणजे दोन सिंगल पलंग जोडून केलेला असतो, तो सांगितल्यावर वेगळाही करून देतात. यात लाजण्यासारखं काही नाही. झोप नीट झाली तर दिवस नीट जातो, आणि थकलेल्या शरीराला थंडी दुप्पट वाजते.

इथून जाताना विजेची शेकायची पिशवी किंवा पाणी उकळायची कॉइल बॅगेत टाकू नका. आगीच्या भीतीमुळे विजेवर तापणाऱ्या अशा वस्तू बहुतेक जहाजांवर चालत नाहीत, सामान तपासताना काढून घेतात. त्याऐवजी रबराची गरम पाण्याची पिशवी न्या. बाथरूमच्या नळाला चांगलं गरम पाणी येतं. ते भरून पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळायची आणि झोपण्याच्या अर्धा तास आधी पांघरुणात पायांकडे ठेवायची. मधुमेह असेल तर अंथरुणात शिरताना ती बाहेर काढा, कारण पायांना चटका बसलेला कळत नाही. लोखंडाची पूड असलेली हात शेकायची छोटी पाकिटंही मिळतात. फोडून हलवली की हवेशी संयोग होऊन ती कित्येक तास गरम राहतात. ती खिशात किंवा हातमोज्यावर ठेवायची, उघड्या कातडीवर नाही आणि झोपेत तर मुळीच नाही.

खाण्यापिण्याचं फार लांबवत नाही. चहाचं गरम पाणी बुफेत जवळजवळ कधीही मिळतं, स्टीलचा एक छोटा थर्मास मात्र जवळ असू द्या. घरचे मेथीचे किंवा डिंकाचे लाडू न्यायचा मोह होईल, पण घरी केलेले पदार्थ बरीच जहाजं आत येऊ देत नाहीत, म्हणून नेण्याआधी मुलाला विचारून घ्या. थंडीत कोणी 'एक पेग घे, गरम वाटेल' असं म्हटलं तर नाही म्हणा. दारूनं कातडीकडे रक्त धावतं म्हणून घटकाभर गरम वाटतं, पण आतली उष्णता तेवढीच पटकन बाहेर जाते. डोक्यावरून आंघोळ केली असेल तर केस पूर्ण वाळल्याशिवाय डेकवर जाऊ नका. केस वाळवायचं यंत्र केबिनमध्ये असतं.

तुम्हाला बर्फ पाहायचा आहे, म्हणून हिमनदीच्या दिवसाबद्दल जरा सविस्तर सांगते. या सगळ्या प्रवासाचं सार तोच दिवस आहे आणि सगळ्यात जास्त वेळ उघड्यावर उभं राहायचा मोहही त्याच दिवशी होतो. तुमचं जहाज ग्लेशियर बे नॅशनल पार्कमध्ये जाणार असेल तर सकाळी पार्कचे रेंजर जहाजावर चढतात आणि दिवसभर लाउडस्पीकरवर माहिती सांगतात. मार्जरी हिमनदीची भिंत दीडेक किलोमीटर रुंद आहे. तिच्यासमोर जहाज जवळजवळ थांबतं आणि हळूहळू गोल फिरतं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोकांना ती दिसावी. तुमची बाजू चुकली असं कधी होत नाही, त्यामुळे पहाटेपासून कठड्याला चिकटून उभं राहायची गरजच नाही.

जहाज थांबल्यामुळे चालण्याचा वारा कमी होतो, पण हिमनदीवरून जड, गार हवा खाली घसरत येत असते. ती गालाला आणि बोटांना लागते. म्हणून पंधरा-वीस मिनिटं बाहेर, मग आत काचेमागे गरम सूप किंवा चहा, मग पुन्हा बाहेर, असा क्रम ठेवा. थंडी वाजायला लागल्यावर आत जायचं नाही. वाजायच्या आधी जायचं. एकदा अंग गारठलं की ते पुन्हा तापायला तासभर जातो आणि नेमका तोच तास वाया जातो. बाहेर जाताना आधी कुठली बाजू आडोशाची आहे ते बघा. जहाज चालू असताना अगदी पुढचा डेक सगळ्यात वाऱ्याचा, मागचा त्या मानानं निवांत. बहुतेक जहाजांवर वरच्या मजल्यावर पुढच्या बाजूला मोठ्या काचांचा लाउंज असतो. ती जागा पहिल्या दिवशीच शोधून ठेवा. भिंतीचा तुकडा सुटून पाण्यात पडतो तेव्हा मेघ गडगडल्यासारखा आवाज होतो, तो ऐकायला मात्र बाहेरच असायला हवं. काचेमागून डोंगर पाहिले म्हणून तुमचा प्रवास कमी दर्जाचा होत नाही, हे यजमानांनाही सांगा.

बंदरांवर उतरताना केचिकनला पाऊस गृहीतच धरा. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारं ते गाव आहे, आपल्या नागपूरच्या तिप्पट. वाऱ्यात छत्री उलटते, टोपीचं जॅकेटच कामाला येतं. एक कोरडा मोज्यांचा जोड प्लास्टिकच्या पिशवीत सोबत ठेवा. जुनोला देवमासे पाहायला छोट्या बोटी जातात. मुलानं तिकीट काढण्याआधी बंद, तापवलेली बसायची जागा आहे ना, हे विचारून घ्यावं. उघड्या रबरी बोटीची सफर तुम्ही घेऊ नका. ती तरुण मंडळींना जाऊ द्या. तुम्ही दोघं बसनं मेंडेनहॉल हिमनदीला जा, तिथल्या माहिती केंद्रात काचेतून समोरच ती दिसते. स्कॅगवेला मात्र व्हाइट पास रेल्वे चुकवू नका. १८९८ ते १९०० या काळात बांधलेली तीन फुटी रुळांची ही गाडी डोंगर चढत जाते आणि डबे बंद, उबदार असतात. नागपूर-नागभीड लाइनची अडीच फुटी छोटी गाडी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना तर ती घरचीच वाटेल. जूनमध्ये तिथे रात्री उशिरापर्यंत उजेड असतो, त्यामुळे सगळं पहाटेच उठून उरकायला हवं असंही नाही.

आता डॉक्टरांचं काम, आणि हे लांबणीवर टाकू नका. याच महिन्यात टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. थायरॉइडची मात्रा कमी पडत असेल किंवा रक्त कमी असेल तर थंडी जास्त वाजते, आणि दोन्हींवर उपाय आहे. गोळीची मात्रा बदलली तर तिचा पुरता परिणाम रक्तात दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून मे महिन्यात तपासून काही साधणार नाही. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी सुरू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यानं हातपाय गार पडतात. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका. आणि थंडीत तुमची बोटं आधी पांढरीफटक, मग निळसर होतात का, हे आत्ताच पाहून ठेवा. तसं होत असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय निघू नका. थायरॉइडच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. तिथेही ती उपाशीपोटीच घ्यायची, चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासानं.

मुलाला आज तीन गोष्टी विचारा: केबिन जहाजाच्या पुढच्या टोकाला आहे की मध्ये आणि बदलता येते का, दोन पलंग वेगळे आणि जादा ब्लँकेट आधीच कळवून ठेवता येईल का, बंदरांवरच्या सफरींपैकी कुठल्या बंद गाडीच्या किंवा बंद बोटीच्या आहेत. आपले रात्रीचे साडेनऊ म्हणजे सध्या सिएटलचे सकाळचे आठ. तो कामाला लागायच्या आत फोन करा.